डाळिंबाच्या सालीची पावडर ब्रॉयलरला घातली, माझा रिव्ह्यू

चिंचोळी एमआयडीसीकडनं येताना एका खाद्यवाल्याकडनं ही २५ किलोची गोणी उचलली. दुकानदार म्हणाला मक्याच्या जागी घाला, खाद्याचा खर्च निम्मा. ते काय पटलं नाही. ब्रॉयलरच्या स्टार्टरला, म्हणजे पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्याला, २२ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन लागतं आणि सालीत ते मक्याच्याही निम्मंच असतं, वर तंतू भरपूर आणि टॅनिन हे तुरट द्रव्य, ते प्रोटीनला धरून ठेवतं मग पक्षी खातो पण अंगाला लागत नाही. म्हणून स्टार्टर संपेपर्यंत हात लावला नाही, नंतर १०० किलो भरड्यात, म्हणजे दळलेल्या खाद्यात, एक किलो एवढंच.

माल मात्र चांगला आहे हां. खुटखुटीत वाळलेला, बुरशीचा वास नाही. ज्यूसवाल्यांकडचा ओला चोथा तसाच आणला तर दोन दिवसात आंबतो, सोलापूरचं ऊन आहे म्हणून इथं वाळवणं जमतं तरी. पक्ष्यांनी पहिल्या दिवशी जरा नखरे केले, तुरट लागत असणार, मग खाल्लं. वजन नेहमीसारखंच आलं, एफसीआरमध्ये (किलोभर वजनाला किती खाद्य लागलं त्यात) फरक दिसला नाही, शेडमध्ये खाली पसरलेला तूस मात्र जरा कोरडा राहिला असं वाटलं. आता ते सालीमुळं का हवेमुळं, छातीठोक सांगत नाही.

खटकलं ते लेबल. ओलावा किती, टॅनिन किती, काहीच छापलेलं नाही. आणि आपल्याकडं सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा कुठंही जा, डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी बागेवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि काय काय फवारतात ते सगळ्यांना माहितीये, ते बसतं सालीवरच! औषधाच्या अंशाची टेस्ट केलीय का विचारलं तर शेठ म्हणे आजवर कुणी विचारलंच नाही. पावडरीला तीन स्टार, उत्तराला शून्य.

कंपनीच्या करारावर पक्षी असतील तर या भानगडीत पडूच नका, खाद्य त्यांचं असतं, बाहेरचं घातलेलं चालत नाही. स्वतःची बॅच असेल तर आधी थोड्या भरड्यात पावडर कालवून मग ढिगात मिसळा नाहीतर सगळी खाली बसते. ५०० पक्षी पूर्ण बॅचला साधारण दोन टन खाद्य खातात, म्हणजे एक टक्क्यानं वीस किलोच्या आतच लागते. उरलेली पावसाळ्यात ओल धरते, आणि पाच किलोचं पॅकिंग मागितलं तर देत नाहीत, त्यामुळं लहान शेडवाल्यांनी दोघांत मिळून एक गोणी घ्या.