आडात आहे, पण पोहऱ्यात येतं का? वायरलेस स्पीकरवरचं लॉसलेस संगीत

लॉसलेस, म्हणजे मूळ आवाजातलं काहीही न गाळता गाणं पोहोचवणाऱ्या, सेवेचे पैसे भरलेले, ॲपमध्ये गाण्याखाली 'लॉसलेस' अशी पाटी, आणि तरीही स्पीकरपर्यंत पोहोचतं ते काटछाट झालेलंच गाणं. हे सर्रास घडतं. मी स्वतः कित्येक महिने असंच ऐकत होतो: सेवा लॉसलेस, जोडणी ब्लूटूथची. आडात पाणी भरपूर, पोहरा मात्र गळका. म्हणून कुठली सेवा नि कुठला स्पीकर हे ठरवण्याआधी गाणं कोणत्या वाटेने येतं ते बघावं. निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो.

थोडे आकडे हाताशी हवेत. आवाजाचं एकेक माप किती बारीक ते बिट सांगतात, सेकंदाला किती हजार मापं घेतली ते किलोहर्ट्झ. सीडीचा दर्जा म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, न दाबता सेकंदाला १,४११ किलोबिट. फ्लॅक किंवा ॲपलचं अलॅक हे लॉसलेस फाइलींचे प्रकार झिप फाइलसारखं काम करतात: आकार बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतो आणि उघडल्यावर सगळे बिट जसेच्या तसे परत मिळतात. एमपी३, एएसी, ऑग व्हॉर्बिस यांचं तसं नाही. कानाला जाणवणार नाही असा अंदाज करून ते काही भाग टाकूनच देतात. सीडीच्या वरची पायरी म्हणजे हाय-रेस: २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ.

तीन वाटा

ब्लूटूथवर सगळीकडे चालणारा एसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटपर्यंत जातो. सोनीने २०१५ मध्ये आणलेला एलडॅक ९९० पर्यंत पोहोचतो, पण तोही काटछाट करणाराच, आणि सिग्नल कमजोर झाला की दर खाली उतरतो. ॲप्टएक्स लॉसलेस हा खरा अपवाद. मात्र तो फोन आणि स्पीकर दोन्हीकडे असावा लागतो, घरगुती स्पीकरमध्ये क्वचितच दिसतो, आणि आयफोनमध्ये ॲप्टएक्स किंवा एलडॅक यांपैकी काहीच नाही. थोडक्यात, ब्लूटूथवर ऐकणार असाल तर लॉसलेस सेवेचा बहुतेक फायदा वाटेतच सांडतो. फोन वाजला की गाणं थांबतं ते वेगळंच.

ॲपलचं एअरप्ले वाय-फायवरून चालतं आणि सीडीच्या दर्जाचा आवाज अलॅकमध्ये नेऊ शकतं. ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झचं गाणं या वाटेने त्याच रूपात येत नाही. २०१८ साली आलेल्या एअरप्ले २ मुळे अनेक खोल्यांत एकच गाणं एकत्र वाजवणं सोपं झालं. आवाज बहुतेक वेळा फोनमधूनच पुढे जातो, त्यामुळे फोन घराबाहेर गेला की मैफल संपली.

तिसरी वाट मला सगळ्यात पसंत आहे: गूगल कास्ट, स्पॉटिफाय कनेक्ट, टायडल कनेक्ट किंवा स्पीकर कंपनीचं स्वतःचं ॲप. इथे फोन नुसता रिमोट असतो. गाणं कुठून आणायचं एवढंच तो सांगतो. स्पीकर थेट इंटरनेटवरून ते ओढून घेतो. कास्टने २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत जाता येतं.

आपल्याकडे नक्की काय चाललंय ते तपासायची साधी युक्ती आहे. गाणं लावा आणि फोनचं वाय-फाय व ब्लूटूथ दोन्ही बंद करा. थोडं गाणं आधीच साठवलेलं असतं, म्हणून काही मिनिटं थांबा. त्यानंतरही वाजत राहिलं तर स्पीकर स्वतः आणतोय.

सेवा

इथे फार डोकं शिणवू नये. ॲपल म्युझिकने जून २०२१ मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस सुरू केलं, २४ बिट १९२ किलोहर्ट्झपर्यंत. ॲमेझॉननेही त्याच सुमारास त्यासाठीचे वेगळे पैसे काढून टाकले. टायडलने एमक्यूए हा वादग्रस्त फाइल-प्रकार २०२४ मध्ये सोडून फ्लॅक धरलं. कोबुझ पहिल्यापासून दर्दी श्रोत्यांची सेवा. स्पॉटिफायने फेब्रुवारी २०२१ मध्ये घोषणा केली आणि माल पोहोचवला सप्टेंबर २०२५ मध्ये, तोही २४ बिट ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत. माझ्या मते या मर्यादेने काही अडत नाही. आपल्या आवडीचं संगीत कुठे आहे आणि आपला स्पीकर कोणती सेवा स्वतः ओढून घेतो, हे दोनच प्रश्न विचारा.

एक गल्लत मात्र टाळा. डॉल्बी ॲटमॉसची (चहूबाजूंनी आवाज येत असल्याचा भास देणाऱ्या तंत्राची) पाटी दिसली म्हणजे लॉसलेस नव्हे. स्ट्रीमिंगवरचं ॲटमॉस संगीत काटछाट झालेलंच असतं. ते आवडलं तर जरूर ऐका, पण मग 'बिट जसेच्या तसे' हा हट्ट तिथे लागू होत नाही.

स्पीकर

सोनॉसची मजल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत. कागदावर हे कमी दिसतं. पण अनेक खोल्यांत एकसाथ, न अडखळता वाजवणं हा तिचा खरा गुण, आणि घरातल्या इतरांना शिकवावं लागत नाही. ब्लूसाउंड १९२ पर्यंत जातं. ज्यांच्याकडे स्वतःच्या हाय-रेस फाइलींचा साठा आहे त्यांनी तिकडे बघावं. होमपॉड ॲपल म्युझिकचं लॉसलेस स्वतः ओढतो, पण त्याचा संसार ॲपलच्या अंगणातला. अँड्रॉइड फोनवाल्याने त्याच्या नादी लागू नये. वाय-फायवरून गाणं ओढणारी विम प्रोसारखी छोटी पेटी घेऊन ती जुन्या ॲम्प्लिफायरला जोडणं हा चौथा पर्याय, आणि घरात चांगले तारांचे स्पीकर पडून असतील तर माझं मत सरळ याच बाजूला.

'वायरलेस' शब्दातही गंमत आहे. केईएफच्या एलएस५० वायरलेस २ मध्ये डावा-उजवा स्पीकर एकमेकांना बिनतारी जोडला तर ९६ किलोहर्ट्झ मिळतात, मधे तार टाकली तर १९२. शिवाय असे बहुतेक स्पीकर आवाज आत घेतल्यावर त्यावर स्वतःचं डिजिटल संस्करण करतातच: बास सावरणं, खोलीनुसार जुळवणं. म्हणजे गाणं दारापर्यंत अखंड आलं तरी घरात आल्यावर त्याला हात लागतोच. त्यात वाईट काही नाही. छोट्या खोक्यातून भरदार आवाज निघतो तो त्यामुळेच.

कान काय म्हणतात

२००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. हाय-रेस आवाज एकदा तसाच आणि एकदा सीडीच्या दर्जात उतरवून ऐकवला. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही एवढी आली असती. पुढे २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा बरोबर ओळखण्याचं प्रमाण सुमारे ५२ टक्के निघालं, तयार कानांच्या श्रोत्यांमध्ये ६० च्या आसपास. फरक शून्य नाही, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला भांडी घासताना कळेल असाही नाही. ब्लूटूथच्या एसबीसीवरून वाय-फायवर आल्यावरचा फरक मला टाळ्यांच्या कडकडाटात, झांजांच्या किणकिणाटात आणि तंबोऱ्याच्या विरत जाणाऱ्या नादात कळला. ९६ आणि १९२ मधला आजवर कळलेला नाही.

घरी तुलना करताना दोन्हीकडचा आवाज सारख्याच पातळीवर आणा. किंचित मोठा आवाज हमखास सरस वाटतो. माझी पहिली फेरी याच चुकीने वाया गेली होती.

मग घ्यायचं काय? स्वयंपाकघरात एकच स्पीकर आणि काम करता करता ऐकणं असेल, तर स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिकमध्ये जे आधीच आहे तेच ठेवा, फक्त ब्लूटूथऐवजी वाय-फाय वापरा. बसून ऐकणारे असाल तर हाय-रेसच्या आकड्यांपेक्षा त्याच मॉडेलचा दुसरा स्पीकर घ्या आणि दोघांची स्टीरिओ जोडी लावा. मेहनत घेऊन अलगद मांडलेले डावे-उजवे सूर एकाच खोक्यातून ऐकणं ही लॉसलेसची चेष्टाच आहे. वाय-फाय आधीच अडखळत असेल तर १९२ च्या वाटेला जाऊ नका. त्याला सीडीच्या दर्जापेक्षा कितीतरी पट रुंद वाट लागते. आणि जुन्या ब्लूटूथ स्पीकरच्या मागे ऑक्सचं भोक असेल तर तो टाकू नका. वाय-फायवरून गाणं ओढणारी छोटी पेटी एका तारेने त्याला जोडून पाहा, नव्या स्पीकरचा विचार त्यानंतर.