द्राक्षाच्या सीझनमधले मेल, अटॅचमेंट आणि ॲमेझॉन एसईएस : वापरून काय वाटलं

आमचं द्राक्ष एक्सपोर्टचं ऑफिस दिंडोरी रोडला आहे, स्टाफ मोजकाच, आणि जानेवारी ते एप्रिल आमच्याकडे माल कमी आणि कागद जास्त अशी परिस्थिती असते. एका कंटेनरमागे पॅकिंग लिस्ट, इनव्हॉइस, रेसिड्यू रिपोर्ट (औषधांच्या अंशांची तपासणी), ॲगमार्क (दर्जाचं सर्टिफिकेट), फायटो (माल रोग-कीडमुक्त असल्याचं सर्टिफिकेट), मग जहाज सुटल्यावर बीएल (जहाज कंपनीची मालाची पावती), आणि हे सगळं येणार मेलवर, लॅबकडून वेगळं, पॅकहाऊसकडून वेगळं, न्हावा शेवा बंदरावरच्या सीएचएकडून, म्हणजे कस्टम्स एजंटकडून, वेगळं. सब्जेक्टमध्ये नुसतं 'डॉक्स' आणि आत फाइलचं नाव 'स्कॅन००१'. दिवसभर एकच चालू, "ताई फायटो आला का?" "आलाय दादा, मेलमध्येच आहे, शोधते". शोधण्यात जाणारा वेळ हाच खरा खर्च होता, म्हणून येणारे मेल आपोआप लावून घेण्यासाठी ॲमेझॉनची एसईएस (मेलची सर्व्हिस), एस-थ्री (फाइल साठवायची जागा) आणि लॅम्डा (आपला कोड आपोआप चालवणारी सर्व्हिस) अशी तिघांची जोडणी केली. त्याचा हा रिव्ह्यू.

एसईएस बहुतेकांना मेल पाठवायची सर्व्हिस म्हणून माहीत असते, पण २०१५ पासून ती मेल घेतेसुद्धा. डोमेन व्हेरिफाय करायचं, एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठे पोचवायचे ते सांगणारी नोंद) त्यांच्या इनबाउंड सर्व्हरकडे वळवायचा आणि रिसीट रूल लिहायचा की या पत्त्यावर आलेला मेल एस-थ्रीच्या या बकेटमध्ये, म्हणजे साठवायच्या कप्प्यात, टाक. इथे एक सांगतो, मुख्य डोमेनचा एमएक्स अजिबात हलवू नका, नाहीतर सगळ्या ऑफिसचे रोजचे मेल तिकडे जातील. कागदांसाठी वेगळा सबडोमेन काढा आणि तेवढाच वळवा, मालकांचा इनबॉक्स आहे तसा राहतो. रूल सेव्ह झाला की बकेटमध्ये सेटअप नोटिफिकेशन नावाची एक छोटी फाइल येऊन पडते, ती दिसली म्हणजे परवानग्या बरोबर बसल्या, पुढे जायचं. आणि नवीन अकाउंट सँडबॉक्समध्ये, म्हणजे मर्यादा घातलेल्या चाचणीच्या अवस्थेत, असतं म्हणून घाबरायचं कारण नाही, ते बंधन पाठवण्यावर आहे, घेण्यावर नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मेल जसाच्या तसा, हेडरसकट (कोणाकडून, कधी आला वगैरे माहितीसकट), कच्चा बकेटमध्ये पडतो. कोडमध्ये पुढे काहीही चुकलं, लॅबने रिपोर्टचा फॉरमॅट बदलला, तरी मूळ मेल जागेवर असतो आणि त्यावरून सगळं परत काढता येतं. काही सर्व्हिसेस मेल फोडून, म्हणजे मजकूर आणि अटॅचमेंट वेगळे काढून, थेट तुमच्या वेबसाइटवर ढकलतात, ते सुरू करायला सोपं आहे हे मान्य, पण एक्सपोर्टच्या कागदात मूळ प्रत हातात असणं याला मी जास्त मार्क देईन, कारण खरेदीदार दोन महिन्यांनी विचारतो की हा रिपोर्ट नेमका कधी आला आणि कोणाकडून आला, तेव्हा उत्तर द्यायला तीच प्रत लागते.

आता कष्टाचा भाग. एसईएस फक्त घेऊन ठेवते, फोडायचं काम तुमचं. रूलमधून थेट लॅम्डा चालवली तर तिला हेडर आणि बाकी माहिती मिळते, मेलचा मजकूर आणि अटॅचमेंट मिळत नाहीत, ते एस-थ्रीमधूनच उचलावे लागतात. लॅम्डाला डीफॉल्ट ३ सेकंद वेळ आणि १२८ एमबी मेमरी असते, मोठ्या पीडीएफला ते पुरायचं नाही, दोन्ही वाढवा, वेळ १५ मिनिटांपर्यंत नेता येतो. पायथन भाषेतलं ईमेल मॉड्यूल डीफॉल्ट पॉलिसी देऊन वापरलं की बरंच काम होतं. आमच्याकडे पॅकहाऊसमधून 'मोहाडी प्लॉट' असं मराठी नाव दिलेली फाइल येते, कच्च्या मेलमध्ये तिचं नाव बरोबर-चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८ आणि पुढे न कळणारी अक्षरांची रांग असं दिसतं, हे मॉड्यूल त्याचं परत 'मोहाडी प्लॉट' करून देतं. प्रत्येक सहीखालचे कंपनीचे लोगोसुद्धा अटॅचमेंट म्हणून येतात, ते गाळायचा नियम पहिल्या दिवशीच लिहा.

फाइल लावायची कशावरून, तर कंटेनर नंबरवरून. ४ अक्षरं आणि ७ आकडे, शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून हिशोबाने येतो, त्यामुळे टायपिंगची चूक बहुतेक वेळा कोडलाच कळते. नंबर सापडला की त्या फोल्डरमध्ये, नाही सापडला की 'बघायचे' नावाच्या फोल्डरमध्ये, तिथे ताई रोज संध्याकाळी नजर टाकतात. स्कॅन केलेल्या पानांवरचा मजकूर वाचायला ॲमेझॉनचं टेक्स्ट्रॅक्ट लावता येतं, आमचे कागद इंग्रजीत असल्यामुळे भागतं, पण देवनागरी ते वाचत नाही, मराठी सातबारा वगैरे असेल तर गूगलचं व्हिजन बघा, त्यात मराठी आहे.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. काढलेल्या अटॅचमेंट त्याच बकेटमध्ये त्याच जागी लिहिल्या तर ती नवी फाइल बघून लॅम्डा परत चालू होते आणि पुन्हा लिहिते, म्हणून आवक आणि जावक यांना वेगळ्या बकेट ठेवा. दुसरं, एकच इव्हेंट (मेल आल्याची लॅम्डाला जाणारी सूचना) क्वचित दोनदाही येऊ शकतो, तेव्हा मेलचा मेसेज आयडी नोंदवून ठेवायचा आणि आधी झालेला असेल तर सोडून द्यायचा.

स्पॅम आणि व्हायरसचा निकाल एसईएस हेडरमध्ये लिहून देते पण मेल स्वतःहून अडवत नाही, अडवायचं तुम्हीच ठरवायचं. आम्ही व्हायरसला फेल आलेल्या मेलची अटॅचमेंट उघडतच नाही. साइजची मर्यादा एस-थ्रीकडे पाठवताना ४० एमबी, पण मेलमध्ये फाइल कोड होऊन साधारण एक तृतीयांश फुगते, म्हणजे खऱ्या फाइलचे तीसेक एमबीच धरा. जीमेलवरून २५ एमबीच्या वर जात नाही, त्यामुळे आम्हाला कधी अडलं नाही.

खर्चाचं ऐकून आमच्या मालकांना खरं वाटत नव्हतं. १००० मेलला १० सेंट, वर दर २५६ केबीच्या तुकड्यांना १००० तुकड्यांमागे ९ सेंट. ५ एमबीचे हजार मेल आले तरी दोन डॉलरच्या आत, स्टोरेज आणि लॅम्डाचे वेगळे पण तेही किरकोळ. कोड लिहायला मात्र माणूस लागतो, तो खर्च मोठा आहे आणि तो कुणी लपवू नये. सीझनमध्ये दहा-बारा कंटेनरच पाठवणाऱ्यांना मी सांगेन, जीमेलचे फिल्टर आणि लेबल लावा, काम भागतं. पाठवणारे आणि कंटेनर दोन्ही वाढले आणि फायटो शोधायला माणूस बसवायची वेळ आली, तर हे करा. आमच्याकडे आता पॅकहाऊसवरून फोन आला की ताई कंटेनर नंबर टाकून लिंक पाठवतात आणि काय आलं नाही तेही त्याच फोनवर सांगतात.