भंगारातला जुना बैलनांगर : आठ महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीत हरभरा निघाल्याबरोबर मी भंगारातून एक जुना लोखंडी नांगर उचलला. काट्यावर 36 किलो भरला, 1,600 रुपये दिले. आता ऑक्टोबर आहे. मधल्या काळात त्याने माझं तीस गुंठे वावर नांगरलं, एक फाळ मोडला, दुसरा करून घेतला. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातली नाल्याकाठची भारी काळी जमीन आणि गवळाऊ जातीच्या बैलांची एक जोडी, एवढ्यावरचा हा अनुभव आहे. बरड रानात किंवा पूर्वेकडच्या धानाच्या जमिनीत नांगर वेगळा वागेल.

घेण्याचं कारण कुंदा, म्हणजे खोल मुळ्यांचं चिवट गवत. ज्यांच्या वावरात तो आहे त्यांना जास्त सांगायला नको. नाला आणि धुरा (बांध) यांच्या मधल्या माझ्या तुकड्यात त्याने अशी मुळं धरली होती की वखराची पास (पातं) वरून घासून निघून जायची. दोन वर्षं रोटाव्हेटर मारून पाहिला. त्याने मुळ्यांचे तुकडे झाले, आणि प्रत्येक डोळ्यातून नवीन कोंब आला. ट्रॅक्टरचा नांगर लावला असता, पण एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला नाल्याचा उतार, वळायलाच जागा नाही. म्हणून बैल, आणि बैलांमागे माती पलटवणारा नांगर.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या भागात काळ्या जमिनीला खरं अवजार वखरच. ही जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या पावसात फुगते, स्वतःच स्वतःला उलथवते. आमच्या घरी आजोबाही दरवर्षी नांगरत नसत. कुंदा किंवा कास गवत माजलं की तेवढ्या पट्ट्यापुरता नांगर निघायचा. मीही तेवढ्यासाठीच घेतला.

आता ओळखण्याबद्दल. माझे पहिले तीन दिवस त्यातच गेले, आणि त्यातले दोन वाया गेले.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी बघताक्षणी सांगितलं, "किर्लोस्कर आहे." लोखंडी नांगर दिसला की तोंडावर तेच नाव येतं, आणि त्याला कारणही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लोखंडी नांगर करायला घेतले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानात माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर महाराष्ट्रभर गेला. हे सगळं खरं, पण त्यामुळे माझ्या हातातला नांगर त्यांचा ठरत नाही. असे नांगर पुढे अनेक कारखान्यांनी काढले, आणि एकाचा फाळ दुसऱ्याला बसवून पिढ्यान् पिढ्या वापर झाला.

मी तारेच्या ब्रशने गंज काढला. मधल्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) सांगाड्यावर, म्हणजे ज्यावर फाळ, माती पलटवणारा पंख आणि बाजूची पट्टी बोल्टने बसतात त्यावर, उठावाचे दोन आकडे आणि एक अक्षर निघालं. ओल्या फडक्याने पुसून, सुकल्यावर खडू आडवा फिरवला की उठाव पांढरा उमटतो. अंधूक ओतीव अक्षरं वाचायला यापेक्षा सोपा उपाय मला सापडला नाही. त्या आकड्यावरून मॉडेल शोधत मी दोन दिवस घालवले. मग पंखाच्या मागच्या बाजूला दुसराच आकडा दिसला, चाकाच्या दांडीवर तिसरा. तेव्हा उलगडलं की हे त्या त्या भागाचे आकडे आहेत. मोडलेला भाग पुन्हा मागवता यावा म्हणून साच्यातच तो आकडा ओतलेला असतो. अख्ख्या नांगराची ओळख त्यावरून लागत नाही. लागली तरी एवढीच की हा तुकडा कुठून आला. माझ्या नांगराचा पंख आणि सांगाडा एका घरचे नाहीत हे बोल्टच्या भोकांवरून स्पष्ट दिसतं. एक भोक नंतर पाडलेलं आहे.

म्हणून नाव सोडलं आणि तो काय काम करतो ते ओळखायला बसलो. भंगारात जुना नांगर दिसला तर तुम्हीही हेच बघा असं मी म्हणेन.

आधी तो कशाने ओढायचा ते बघावं. मागे दोन मुठी आणि पुढे साखळीची कडी असेल तर बैलांचा. वर तीन ठिकाणी पिना बसायची जागा असेल तर तो ट्रॅक्टरला उचलून घ्यायचा. ही तीन पिनांची जोडणी हॅरी फर्ग्युसनने 1930 च्या दशकात ट्रॅक्टरवर रूढ केली आणि आज गावात दिसणारे जवळपास सगळे नांगर त्याच जातीचे आहेत. त्याआधीचा तिसरा प्रकार ओढीचा. त्याच भंगारात मला असा एक दोन फाळांचा सांगाडा दिसला. त्याला स्वतःची तीन चाकं होती: एक न नांगरलेल्या जमिनीवर चालणारं, एक तासात (नांगराने काढलेल्या चरात) चालणारं आणि एक तिरकं शेपटीला. पुढे फक्त एका खिळ्याची जोडणी. जमिनीवरच्या चाकाजवळ दातेरी कळ होती. ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या दोरी ओढली की ती कळ अडकते आणि चाकाच्या फिरण्यानेच नांगर वर उचलला जातो. ज्याला हे माहीत नाही त्याला ती गंजलेली कळ कचरा वाटते आणि तो तेवढीच तोडून विकतो. त्या नांगराकडे मी बराच वेळ बघत राहिलो. जागा नाही म्हणून सोडून आलो, आणि ती चुटपुट अजून आहे.

मग माती कुठल्या हाताला पडते ते बघावं. नांगराच्या मागे मुठी धरायच्या जागी उभं राहून बघायचं, समोरून बघितलं की हमखास घोळ होतो. माझा उजवीकडे टाकतो, म्हणजे उजवा बैल तासात चालतो. आमचा उजवा बैल तासात पाय टाकायला पहिली सकाळभर तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी मुलाने पुढे कासरा धरून त्याला चालवलं, तेव्हा कुठे सवय झाली.

मापाचं म्हणाल तर बाजूच्या पट्टीला सरळ काठी लावायची आणि तिथून फाळाच्या बाहेरच्या टोकापर्यंत काटकोनात मोजायचं. माझा सात इंची भरला. यावरून किती चालावं लागेल तेही निघतं. तीस गुंठ्यांत सात इंचाचे तास काढायचे तर वळणं सोडून 17 किलोमीटर होतात. मला चार सकाळी लागल्या.

धातू ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तिथेच मी चुकलो. फाळ बोथट होता म्हणून लोहाराकडे नेला. त्यांनी हातोडीने हलकेच वाजवला आणि परत दिला. "याले भट्टीत घालू नका भाऊ, बीड हाय हे. ठोकलं का काचेवाणी फुटते." पोलाद वाजतं तेव्हा घंटेसारखा सूर लांबतो, बीड ठक्क करून थांबतं. ग्राइंडरवर धरलं तर पोलादाच्या ठिणग्या लांब आणि पिवळ्या-पांढऱ्या उडतात, बिडाच्या आखूड आणि लालसर. पोलादी फाळ तापवून, टोक ओढून, पाणी देऊन पुन्हा उभा करता येतो. बिडाचा झिजला की बदलायचा, एवढंच.

पण बिडाचा फाळ म्हणजे हलका माल असं समजू नका. इंग्लंडातल्या इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने 1803 मध्ये फाळाची खालची बाजू ओततानाच झटकन थंड करायची पद्धत काढली. त्यामुळे खालचा थर कडक होतो आणि वरचा मऊ राहतो. वरचा आधी झिजतो, म्हणून धार आपोआप टिकते. माझ्या फाळाचा पातळ झालेला काठ अगदी तसाच, वरून खाल्लेला होता. तो ज्याने ओतला त्याला काम येत होतं.

तरीही मी तो मोडला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जमीन फार आवळली होती. हरभरा निघाल्यावर चार-सहा दिवसांत, ओल असताना घुसायला हवं होतं. मी अक्षरं वाचत बसलो. तिसऱ्या तासालाच खाली दगड लागला आणि टोक तीन बोटं उडालं. त्या बिडाच्या फाळाच्या जागी दुसरा बिडाचा मिळाला नाही. मग लोहारकाकांनी ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून पोलादी फाळ करून दिला, 700 रुपयांत. खरं सांगायचं तर वापराच्या दृष्टीने तोच बरा पडला, कारण आता तो गावातच पाजवता येतो.

नवीन फाळ बसवल्यावर नांगर जमिनीत घुसेचना. दोघांनी मुठींवर भार दिला तरी वरून घसरायचा. चूक टोकाच्या वाकात होती. नांगर सपाट फरशीवर ठेवला की फाळाचं टोक आणि बाजूच्या पट्टीचं मागचं टोक टेकायला हवं आणि मधे फरशी व लोखंड यांत साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) फट दिसायला हवी. माझ्या नांगरात फट नव्हतीच. टोक जरा खाली वाकवून घेतलं आणि पुढच्या तासाला तो सहा इंच बसला. जुना नांगर विकत घेताना आधी फरशीवर ठेवून बघा. बाजूची पट्टी मागे झिजलेली असेल तर हा सगळा हिशेब बिघडतो.

खोली साखळीच्या कडीवर ठरते, आणि ती उलटी चालते. शेजारच्या काकांनी एका वाक्यात शिकवलं: "साखळी वर घेतली का नांगर खाली जाते, खाली घेतली का वर येते." कडीला आडवी भोकंही आहेत. साखळी उजवीकडे सरकवली की तास रुंद होतो, डावीकडे घेतली की अरुंद. गवळाऊ जोडी चपळ असते, वखराला आणि बंडीला तिच्यासारखी नाही, पण हे ओझं तिच्यासाठी जड आहे. मी सात इंचाऐवजी साधारण सहाच इंच रुंदी घेऊ लागलो, शेवटच्या दोन सकाळी. चालणं वाढलं, पण बैल दमले नाहीत. सकाळी सहा ते साडेनऊ, त्यापुढे जू उतरवायचं, हे मी पाळलं.

काळी माती पंखाला चिकटते, ही मोठी तक्रार. गंजलेल्या पंखावर ती थापीसारखी बसते, मग नांगर माती पलटवत नाही, नुसता ढकलत नेतो. अमेरिकेत जॉन डीअरने 1837 मध्ये पोलादी नांगर केला तो याच त्रासामुळे. तिकडच्या गवताळ मुलखातली काळी चिकट माती बिडाच्या नांगरावरून सुटत नव्हती. माझा पंख मी दगडाने आणि वाळूने दोन संध्याकाळ घासला. पहिल्या दिवशी दर तासाला हाताने खरवडावं लागलं, चौथ्या दिवशी तो आरशासारखा झाला आणि माती वळून पडायला लागली. जून महिन्यात पहिल्या पावसानंतर ओल्यात एकदा लावून पाहिला, तेव्हा मात्र चकाकत्या पंखावरही माती सुटली नाही. ओल्या काळ्या जमिनीत हा नांगर घालू नये.

कुंद्याचं काय झालं ते सांगतो. ढेकळं एप्रिल-मे दोन महिने उन्हात पडली, मुळ्या वाळून दोरीसारख्या झाल्या, पोरांनी वेचून धुऱ्यावर ढीग लावला. मग वखराच्या दोन पाळ्या, आणि तिफणीने सोयाबीन. यंदा दोन निंदणात काम भागलं, मागच्या वर्षी चार झाली होती. विहिरीकडचे पाच-सहा गुंठे मात्र पुन्हा हिरवे झालेत. तिथे मी नांगर चार इंचांवर चालवला होता, खालच्या मुळ्या शाबूत राहिल्या.

पोळ्याच्या आधी सगळे बोल्ट सोडून रॉकेलमध्ये ठेवले, पंखावर आणि फाळावर जुनं इंजिन ऑइल चोपडलं आणि नांगर गोठ्याच्या आढ्याला टांगला. हरभरा या वेळी त्या पाच-सहा गुंठ्यांत पेरत नाही. दिवाळीनंतर सोयाबीनचं रान मोकळं होईल, ओल असेल, तेव्हा तेवढाच तुकडा पुन्हा सहा इंचांवर काढायचा आहे.