दुनळीच्या नळ्यांना पुन्हा चढलेला गडद रंग

मेळघाटालगतच्या आमच्या शेतावरील, पीकसंरक्षणाच्या परवान्याची वडिलोपार्जित दुनळी बंदूक अमरावतीच्या एका परवानाधारक कारागिरांकडे नळ्यांना पुन्हा गडद रंग चढवायला दिली होती. दोन्ही नळ्या कथिलाच्या डाकाने जोडलेल्या असल्याने, कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात बुडवून रंग चढवला तर तो डाक खाल्ला जाईल हे ओळखून त्यांनी संथ गंजपद्धत निवडली, आणि हीच त्यांची खरी जाण. मुद्दाम बारीक गंज चढवायचा, शुद्ध पाण्यात उकळून तो तांबडा थर काळ्या ऑक्साइडमध्ये बदलायचा, मऊ तारेच्या ब्रशने घासायचे आणि रंग भरेपर्यंत हेच पुन्हा करायचे. पॉलिशचे चाक टाळल्यामुळे कोरीव अक्षरे शाबूत राहिली. दर चढा, पण रास्त आहे. चामड्याची पिशवी ओल धरते, म्हणून पावसाळ्यात बंदूक तीत ठेवू नये आणि पातळ तेलाचा हात नियमित फिरवावा, असे त्यांनी बजावले.