जुना लॉज चालवावा की बुटिक हॉटेल करावं? पनवेलच्या हायवेवरचा हिशोब

२५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली आणि कळंबोलीपासून पळस्पे फाट्यापर्यंतच्या लॉजमालकांना एकच स्वप्न पडायला लागलं. लॉजचं बुटिक हॉटेल करायचं, म्हणजे मोजक्या, सजवलेल्या खोल्यांचं महागडं छोटं हॉटेल. पाटी बदलायची, भिंतीवर वारली काढायची, दीड हजाराची खोली पाच हजाराला लावायची. आमचा लॉजही याच पट्ट्यात. तळमजला अधिक दोन, बावीस खोल्या. त्यातल्या मागच्या बाजूच्या सहा आम्ही नव्या केल्या, रस्त्याकडच्या सोळा जुन्या वळणाच्याच ठेवल्या. त्यामुळे दोन्ही पर्याय आम्हाला एकाच जिन्यावर दिसतात. तुमच्याही डोक्यात हेच चाललं असेल, तर इंटिरिअरवाल्याला बोलावण्याआधी एवढं वाचा.

गिऱ्हाईक कोण?

आधी रजिस्टर काढा आणि मागच्या वर्षाच्या नोंदी वाचा. आमच्याकडे कळंबोलीच्या स्टील मार्केटला आलेले व्यापारी, कोकणात जाताना रात्र झालेली कुटुंबं, लग्नाची वऱ्हाडं आणि खारघरच्या टाटा रुग्णालयात उपचार चाललेल्यांचे नातेवाईक येतात. हे शेवटचे लोक तीन-तीन आठवडे राहतात. ते फोटो बघून येत नाहीत, कुणीतरी सांगितलं म्हणून येतात. खोलीत इंडक्शन लावू द्या एवढंच मागतात. त्यांच्यापायी कुणाला कमिशन द्यावं लागत नाही.

बुटिकचं गिऱ्हाईक ॲपवरून येतं. समजा ५,००० रुपयांच्या खोलीवर २० टक्के कमिशन धरलं, तर १,००० गेले. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १८०. हातात ३,८२०. जुन्या खोलीचे १,५०० पुरते हातात. आता गंमत बघा. जुनी खोली महिन्यात २५ रात्री भरली तर ३७,५०० येतात आणि नवी दहाच रात्री भरली तरी ३८,२००. कागदावर बुटिक जिंकतं. पण या ३८,२०० मधून नाश्ता, पांढऱ्या चादरींची रोजची धुलाई, इंग्रजी बोलणारा रिसेप्शनिस्ट आणि बँकेचा हप्ता जायचाय. हे सगळं वजा केल्यावर जुन्या खोलीची बरोबरी करायला लागणाऱ्या रात्रींचा आमचा आकडा दहावरून सतरा-अठरावर गेला.

आणि ज्या विमानतळाच्या जोरावर हे सगळं चाललंय, तिथला प्रवासी बुटिकवाला नसतोच. तो रात्री साडेअकराला येतो, पहाटे चारला निघतो. त्याला गरम पाणी, अंधार आणि वेळेवर टॅक्सी हवी. तुमची वारली तो बघतही नाही. बुटिक शोधणारे म्हणजे शनिवार-रविवारची जोडपी, कर्नाळ्याला आलेले ग्रुप, कंपन्यांचे पाहुणे. सोमवार ते गुरुवार ते कुठे असतात?

बुटिकच्या बाजूने मात्र एक गोष्ट मनापासून सांगतो. २००५ साली बंदी येईपर्यंत डान्सबारमुळे या हायवेवरच्या लॉजचं नाव काढलं की लोक गालातल्या गालात हसायचे. तो शिक्का अजून पुसलेला नाही. नव्या सहा खोल्या झाल्यापासून एकट्या प्रवास करणाऱ्या बायका आमच्याकडे उतरू लागल्या. हे सोळा खोल्यांच्या बळावर कधी झालं नसतं.

साडेसात हजारांची पायरी

२२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, पण इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे खरेदीवर आणि सेवांवर आपण भरलेला जीएसटी यातून वळता होत नाही. वरचे ते १८० रुपये म्हणूनच परत मिळत नाहीत. लॉजला हा दर फायद्याचा. बुटिकवाल्याने मात्र जपून पाऊल टाकावं. ७,५०० च्या खोलीचं बिल ७,८७५ होतं. भाडं शंभरने वाढवून ७,६०० केलंत की कर १८ टक्के आणि बिल ८,९६८. शिवाय एखादी हौसेची 'स्वीट', म्हणजे मोठी ऐसपैस खोली, वर्षभरात एकदा जरी ७,५०० च्या वर गेली, तर पुढच्या आर्थिक वर्षात तुमच्या रेस्टॉरंटलाही ५ ऐवजी १८ टक्के लागतो. मिसळीवर १८ टक्के घेणारं हॉटेल पनवेलमध्ये कितीसं चालणार?

टाइलच्या मागे

खरा खर्च इथे आहे आणि आमचं नुकसानही इथेच झालं. बाथरूमच्या जुन्या टाइल काढल्या तर मागचे जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप हाताने दाबले तरी भुगा होत होते. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे सांडपाणी जाण्याच्या तोंडाच्या कडेला स्लॅबमधली सळई उघडी, फुगलेली. ठेकेदाराने नवे पाइप टाकले, ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गळती रोखायला विटांच्या तुकड्यांचा थर केला, पण पाणी भरून ठेवण्याची चाचणी न करताच वर टाइल बसवल्या. घाई आमचीही होती. पंधरा दिवसांत खालच्या खोलीच्या पीओपीच्या छतावर चहाच्या डागासारखा गोल उमटला, मग तो ताटाएवढा झाला. दोन बाथरूम पुन्हा फोडली. लॉजच्या खोलीत असा डाग असला तर गिऱ्हाईक पंखा लावून झोपतं. पाच हजार देणारा फोटो काढून टाकतो.

विजेचंही तसंच. २ किलोवॉटचे बावीस गिझर सकाळी सातला एकदम लागले तर ४४ किलोवॉट नुसते आंघोळीला, एसी वेगळे. महावितरणकडे मंजूर लोड किती आहे ते बिलावर बघा. आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं जानेवारी-जुलैचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र दोन्ही पर्यायांत लागतंच, त्यात तुलना नाही.

गच्ची

प्रत्येक इंटिरिअरवाला 'रूफटॉप कॅफे' काढून देतो. आमच्या गच्चीवरच्या शेडमध्ये पोरं झोपतात. दोन वेटर, एक आचारी, रात्रीचा मॅनेजर. समोरच्या टायरवाल्याच्या जागी कॉफीचं दुकान आलं, मागच्या चाळीतल्या खोल्यांचं भाडं त्या पोरांच्या पगाराला झेपेना. गच्ची घेतली तर ती जातील कुठे? त्यांना राहायला जागा दिली की कॅफेचा नफा तिथेच संपतो. कॅफेऐवजी परमिट रूमवर मदार ठेवणाऱ्यांना २०१७ आठवत असेल. हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारू एप्रिलपासून बंद झाली होती, जुलैमध्ये महापालिका हद्दीला मोकळीक मिळेपर्यंत.

वर मजला चढवायचा विचार असेल तर विमानतळामुळे उंचीची परवानगी लागेल. जागा सिडकोच्या भाडेपट्ट्यावर आहे, साडेबारा टक्क्यांतली (सिडकोने जमीन घेतलेल्यांना परत दिलेल्या भूखंडांतली) आहे की मागचा भाग गरजेपोटी, म्हणजे प्रकल्पग्रस्तांनी परवानगीशिवाय बांधलेला, हे बँक पहिल्याच भेटीत विचारते.

माझं मत विचाराल, तर इमारत सर्व्हिस रोडला चिकटून असेल तर बुटिकच्या नादी लागू नका. बाथरूम कोरडी करा, गाद्या बदला, दिवे बदला, भाडं तीनशेने वाढवा. एखाद-दुसरी गल्ली आत असाल, मागे झाडं असतील आणि स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी बरी आली असेल, तर मागच्या पाच-सहा खोल्यांपासून सुरुवात करा. बिल्डरला देऊन टाकण्याचा तिसरा मार्ग आहेच, पण त्याला तुलना लागत नाही, वकील लागतो.

आणि काहीही ठरवण्याआधी एक रात्र स्वतः रस्त्याकडच्या खोलीत झोपा. आमच्या वडिलांनी लॉज काढल्यापासून ते कधी केलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात मी त्यांना रस्त्याकडच्या दोनशे तीन नंबरच्या खोलीत झोपवलं. पहाटे साडेतीनला ते खाली काउंटरवर येऊन बसले होते, कानात कापूस घालून.