चेंबूर ते फोर्ट : ईस्टर्न फ्रीवे की आंबेडकर रोड?

चेंबूरला राहायला आलेल्या मावसभावाने विचारलं, ऑफिसला गाडी कुठून काढू? बाइक असेल तर प्रश्नच मिटला, फ्रीवेवर दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे. चारचाकीवाल्यांसाठी मात्र नीट सांगतो.

वेळ : फ्रीवे सुमारे १६.८ किमी, वाटेत एकही सिग्नल नाही. पांजरापोळजवळचे जुळे बोगदे पार केले की आणिक, वडाळा, शिवडी करत गाडी गोदीच्या कडेकडेने धावते. पांजरापोळ ते ऑरेंज गेट (फ्रीवेचं दक्षिण टोक) हा भाग जून २०१३ मध्ये सुरू झाला, घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडपर्यंतचा २०१४ मध्ये. खरी गोची शेवटी आहे : ऑरेंज गेटला उतरणारी सगळी वाहतूक पी. डि'मेलो रोडवर तुंबते आणि सकाळी वाचवलेली मिनिटं तिथेच जातात. तरीही आंबेडकर रोडवर सायन, दादर, परळ, भायखळा असा प्रत्येक चौक झेलण्यापेक्षा हे बरंच. लालबागचा उड्डाणपूल मदत करतो, पण तेवढ्यापुरतीच.

खर्च : टोल दोन्हीकडे नाही. फ्रीवेवर क्लच-ब्रेक कमी, म्हणून पेट्रोलही कमी.

अडीअडचण : इथे आंबेडकर रोड सरस. फ्रीवेवर गाडी बंद पडली तर वर अडकलात, उतरायचे रॅम्पही मोजकेच. खाली आंबेडकर रोडवर गॅरेज, केईएम रुग्णालय, स्टेशन सगळं हाताशी.

थेट सीएसएमटी-फोर्ट गाठायचं असेल, किंवा शिवडीहून अटल सेतू धरायचा असेल, तर फ्रीवेच. मुलाला माटुंग्याला सोडायचं, दादरला काम किंवा हाताशी बाइक असेल, नाहीतर गणपतीचे दिवस सोडून एखादी निवांत सकाळ असेल, तर आंबेडकर रोड.