केबीसीचे २५ लाख "लागले" आणि माझे ४०,२०० गेले

लाज वाटतेय पण लिहितो. आमच्या घरात केबीसीचं वेड २००० सालापासूनचं, हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकला तेव्हापासून, मूळ शो ब्रिटनचा आहे हे पण मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. नंतर मराठीत 'कोण होणार करोडपती' आलं. नोंदणीचे प्रश्न सुरू झाले की मी उत्तर पाठवणार म्हणजे पाठवणारच, मुलगी चिडवते की बाबा तुम्हाला एकदाचा फोन येऊ दे.

आला. म्हणजे फोन नाही, व्हॉट्सॲपवर एक ऑडिओ आणि सर्टिफिकेट. तुमच्या सिमकार्डला केबीसीतर्फे २५ लाखांची लॉटरी लागली. बच्चनसाहेबांचा फोटो, गोल शिक्का, लॉटरी नंबर, आणि खाली "बँक मॅनेजर"चा नंबर, त्याला फक्त व्हॉट्सॲप कॉल करायचा, साधा कॉल करायचा नाही म्हणे. नंबर +९२ ने सुरू होत होता हो, आपला +९१! दिसलं, पण बघितलंच नाही. मी उत्तरं पाठवली होती ना, मला वाटलं त्यातूनच नंबर लागला.

मॅनेजर इतका गोड बोलायचा की काय सांगू. अभिनंदन सर, आत्ताच कोणाला बोलू नका, फाईल बाद होते. आधी १२,२०० प्रोसेसिंगचे मागितले, यूपीआयने, तेही बँकेच्या नाही, कुठल्यातरी माणसाच्या खात्यात. दोन दिवसांनी टॅक्सचे २८,०००. तेही दिले. मग अजून ६५,००० मागितले तेव्हा मी एफडी मोडायला निघालो आणि पावती शोधताना मुलीने पकडलं.

तिने एकच विचारलं, बाबा, बक्षिसाचा टॅक्स आधी खिशातून कोण भरतं? आणि मला घाम फुटला, कारण हे मला माहीत होतं. अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे २०१९ ला एक कोटी जिंकल्या तेव्हा मीच सोफ्यावर बसून हिशोब सांगितला होता की अशा बक्षिसावर ३० टक्के टीडीएस, तो कापूनच पैसे हातात येतात. बरं त्या काही सिमकार्डामुळे जिंकल्या नव्हत्या, नोंदणी, फोन, ऑडिशन, मग फास्टेस्ट फिंगर, मग हॉट सीट. या शोमध्ये लॉटरी नावाचा प्रकारच नाही, प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय तिथे कोणी रुपया देत नाही. माझ्यासारख्या वीस वर्षं बघणाऱ्याला हे कळू नये? हावरटपणा, दुसरं काय.

मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, स्क्रीनशॉट आणि यूपीआयचे व्यवहार नंबर जोडले. पण पहिले पैसे जाऊन चार दिवस झाले होते. लगेच फोन केला तर पैसे पुढे जायच्या आत खातं गोठवता येतं, माझे तोवर तिसऱ्याच कुठल्या खात्यात गेले होते. तुमच्या घरात कोणी नेमाने नोंदणी करत असेल तर त्यांना हे आजच वाचायला द्या, कारण "मी भाग घेतलाच होता" असं वाटणारा माणूस सगळ्यात आधी अडकतो.

तो नंबर ब्लॉक केला. काल दुसऱ्या नंबरवरून मेसेज आला, तेच सर्टिफिकेट, तोच फोटो, फक्त रक्कम आता ३५ लाख.